फॉर्म भरण्याआधी वर्कशॉप बघून या

पालकहो, आयटीआयबद्दल विचारायला येता तेव्हा तुमचा आवाज खाली आलेला असतो. "सर, सायन्सचं काही जमेना. डिप्लोमाची यादीही वर गेली. मग म्हटलं, बघावं का तुमच्याकडे?" मी फिटर ट्रेडचा निदेशक. नोकरीची सगळी वर्षं लेथच्या घरघरीत गेली, त्यामुळे दबलेला आवाज मला लगेच कळतो. मुलगा बरोबर असला तर तो मान खाली घालून मोबाइलची कड नखाने खरवडत असतो. त्याला बासष्ट टक्के पडलेले असतात आणि घरात कुणीतरी गेल्यासारखी तुमची तोंडं असतात. त्याच्यासमोर हे बोलता येत नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतो.

तुमच्या मनातल्या नाराजीला मी अडाणीपणा म्हणत नाही. भाषणांत म्हणतात. आमच्याकडे कार्यक्रमाला पाहुणे येतात, पालकांची मानसिकता बदलली पाहिजे असं तळमळीने सांगतात आणि त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला असतो. (चहाच्या वेळी मी हटकून विचारतो.)

फिलिप फॉस्टर नावाच्या अभ्यासकाने आफ्रिकेतल्या घाना देशात हाच पेच पाहिला. इंग्रजांच्या काळापासून तिथले अधिकारी रडत होते की पोरं कारकुनीच्या मागे धावतात, शेती आणि हातकामाच्या शाळांकडे फिरकत नाहीत. उपाय एकच सुचायचा, तसल्या शाळा आणखी काढा. फॉस्टरने १९६५ साली एक निबंध लिहून ही समजूत खोडून काढली. त्याचं म्हणणं असं की मुलांना सगळं नीट कळतं. कारकुनाला पगार जास्त आहे आणि नोकरी पक्की आहे, हे त्यांना दिसतं. तेव्हा त्यांच्या दृष्टीने पुस्तकी शाळा हीच खरी धंदेशिक्षणाची शाळा. बाजारातलं हातकामाचं मोल वाढलं तर मुलं आपोआप वळतील. नुसता अभ्यासक्रम बदलून वळणार नाहीत. शिक्षणखात्याच्या प्रत्येक कचेरीत हा निबंध भिंतीवर लावावा असं मला वाटतं.

आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात कार्यानुभव आणि व्यवसाय शिक्षणाचा आग्रह धरला. त्यानंतर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या काम करणाऱ्या भारतीयांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२ टक्के, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. देशोदेशी मोजण्याची पद्धत वेगळी, म्हणून या आकड्यांवर फार भार टाकू नका. पण या दोन कागदांमध्ये पन्नासहून जास्त वर्षं गेली. एवढी वर्षं आईबाप काही झोपलेले नव्हते. ते हिशोब करत होते आणि हिशोबात पदवी जिंकत होती.

आता तो हिशोब बिघडला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांनी २०२४ मध्ये भारताचा रोजगार अहवाल काढला. त्यातला २०२२ चा आकडा असा आहे की पदवीधर तरुणांमध्ये बेकारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचा अर्थ अडाणी राहिलेलं बरं असा कुणी काढू नये. गरिबाला बेकार बसणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम उचलतो. पदवीधर मात्र घरच्या भाकरीवर दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचत बसू शकतो. तुमच्या गल्लीतही असे दोघे-तिघे असतील. त्यांच्या आयांना विचारा.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती न बोलता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तुमच्यापैकी काहींचे आजोबा सुतार होते, लोहार होते, चांभार होते. गावाच्या कामाला ते लागायचे, पंगतीला लागत नव्हते. तुमच्या वडिलांनी उपाशी राहून शिकून त्यातून सुटका करून घेतली आणि आता मी म्हणतो की नातवाच्या हातात पुन्हा हातोडा द्या. तुम्हाला यात डाव दिसला तर तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती सगळ्या मुलांसाठी होती. पण १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोहाराचा मुलगा लोहारच राहील, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला. द्रविड चळवळीच्या पेरियारांनी रान उठवलं, राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि १९५४ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली. हे मी लक्षात ठेवतो. माझ्या वर्गात कुठल्याही घरचा मुलगा कुठलाही ट्रेड घेतो, मला तेवढंच हवं असतं. पण देशमुख-कुलकर्ण्यांची पोरं वेल्डिंगच्या बाकावर किती दिसतात असं विचारलंत, तर तुमचा प्रश्न रास्त आहे.

आता आत काय शिकवतो ते सांगतो, कारण ते कुणी विचारतच नाही.

फिटरचा मुलगा पहिले काही आठवडे घरी येऊन एकच सांगतो, कानस मारतोय. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारून एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. ट्रायस्क्वेअर लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की बाजू अजून सरळ नाही. पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात. एक आई भांडायला आली होती, सीएनसीच्या जमान्यात पोराला लोखंड घासायला काय बसवता म्हणून. मी त्यांना कानस हातात दिली. कानस पुढे ढकलताना डाव्या हाताचा दाब हळूहळू कमी करायचा असतो आणि उजव्याचा वाढवायचा असतो. तो तोल साधला नाही तर कानस डुलते, तुकड्याच्या कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. ताईंनी पाच-सात हात मारले, हसल्या आणि म्हणाल्या, "पोळपाटावर बरं जमतं मला." पण मुलगा काय करतो ते त्यांना कळलं.

या घासण्यातून त्याची नजर तयार होते. मिलिमीटरचा दहावा भाग त्याला दिसू लागतो. आपण केलेलं काम चुकलं आहे, हे सरांनी सांगायच्या आधी ट्रायस्क्वेअर सांगतो आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही. गणितात पस्तीसवर सुटलेला मुलगा टेपर टर्निंगला लेथचा कोन काढायचा म्हणून टॅन्जंटचं कोष्टक उघडतो. शाळेत त्याला ते कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे हाच मुलगा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, उभा राहतो आणि माप दोन शतांशाने सरकलं की त्याला सुचतं, टूल झिजलंय, ऑफसेट द्यायला हवा. कानस न मारलेला फक्त बटण दाबतो आणि संध्याकाळपर्यंत पेटीभर माल रिजेक्ट करून ठेवतो.

देशाच्या प्रगतीशी तुमच्या मुलाचा संबंध इथेच येतो. चाकणच्या मोठ्या कंपनीला माल देणारा एक कारखानदार असतो, त्याला सुटे भाग देणारं भोसरीतलं एखादं छोटं वर्कशॉप असतं. मशीन दोघेही बँकेचं कर्ज काढून आणू शकतात, जपानी म्हणा किंवा जर्मन म्हणा. पण तेच मशीन दोन शेडमध्ये बसवलं तर एका शेडमधून शंभरातले अठ्ठ्याण्णव नग चांगले निघतील आणि दुसरीतून ऐंशी. वाया गेलेल्या नगांत पोलाद गेलं, वीज गेली, मशीनचे तास गेले आणि पुढची ऑर्डरही गेली. अर्थशास्त्रज्ञ उत्पादकता म्हणतात ती अशा हजारो शेडमधून गोळा होते.

हे ज्यांना आधी कळलं त्यांनी आधी माणसं घडवली. सुमंत मुळगावकरांनी साठच्या दशकात टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) पुण्याचा कारखाना उभारला. तिथे पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये, पण त्याच्या कितीतरी आधी मशीन टूल विभाग आणि अप्रेंटिसांचं प्रशिक्षण सुरू झालं होतं. तुमच्यापैकी पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी 'टेल्कोचा अप्रेंटिस' हे शब्द लग्नाच्या बोलणीत ऐकले असतील. त्यांना वजन होतं. सिंगापूरने १९७२ मध्ये कुशल टूलमेकर घडवायचे म्हणून पहिलं संयुक्त प्रशिक्षण केंद्र काढलं, ते टाटांच्या बरोबर. जर्मनीची रोलाय आणि हॉलंडची फिलिप्स त्यानंतर आल्या. आज सिंगापूरला जाऊन थक्क होणाऱ्या आपल्या मंडळींना हे ठाऊक नसतं.

कोरियाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे, कारण ती सरळ नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो गरीब देश होता, विग आणि प्लायवूड विकायचा. १९७३ मध्ये त्यांनी अवजड आणि रासायनिक उद्योगांची मोहीम हाती घेतली आणि तंत्रशाळांवर पैसा ओतला. कामगार-कौशल्याच्या जागतिक स्पर्धेत ते १९६७ मध्ये पहिल्यांदा उतरले आणि १९७७ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्टला पहिले आले. वेल्डर आणि टर्नर पोरांची सोलच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. ही मुलं जहाजबांधणीच्या गोद्यांत आणि मोटारींच्या कारखान्यांत गेली आणि देश वर आला. आता पुढचं ऐका. देश श्रीमंत झाला तशी त्याच वेल्डरांनी आपली मुलं तंत्रशाळेत घातली नाहीत. २००८ च्या सुमाराला कोरियात शंभरातली ऐंशीहून अधिक मुलं बारावीनंतर कॉलेजात जाऊ लागली, पदवीधर बेकार बसू लागले आणि सरकारला २०१० मध्ये 'माइस्टर' शाळा नव्याने काढाव्या लागल्या. मिरवणुका काढल्या होत्या, पण कारखान्यात वर जाताना पदवीवालाच पुढे जात होता. तिथल्या आयांनीही हिशोबच केला. फॉस्टर अजून खोटा ठरलेला नाही.

म्हणूनच आपल्याकडचं दुखणं झाकून तुम्हाला 'कौशल्य भारत'चं गाणं ऐकवणं मला पटत नाही. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, अप्रेंटिस कायदा १९६१ चा. कागद जुने आणि चांगले आहेत. पण महाराष्ट्रात गरीब घरच्या आयटीआय विद्यार्थ्याला महिना ४० रुपये विद्यावेतन होतं. २०२३ मध्ये ते ५०० झालं. चाळीस रुपयांत तालुक्याहून एका दिवसाचं एसटीचं येणं-जाणं होत नाही. आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिना किमान ७,००० रुपये द्यावेत असा नियम २०१९ मध्ये झाला. चाकणला खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाने त्यातून काय खायचं? माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात 'ट्रेनी' म्हणून लागला. करार संपला की दोन आठवडे घरी, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने त्याच मशीनवर. पगार पहिल्या दिवसाएवढाच. त्याच्या धाकट्या भावाला आयटीआयला घालायचं का म्हणून वडील विचारायला आले, तेव्हा मी लगेच हो म्हणू शकलो नाही. कारखानदार म्हणतात कुशल माणूस मिळत नाही. मिळतो, पण त्या पगारात टिकत नाही. आणि टिकत नाही म्हणून शिकवण्यावर खर्च कोण करणार, असं त्यांचं पुढचं म्हणणं. शेजारची कंपनी हजार रुपये जास्त देऊन आपण घडवलेला मुलगा उचलेल ही भीती खरी आहे. पण सगळेच असे हात राखून बसले तर शेवटी शेडमध्ये बटण दाबणारेच उरतात.

मग तुम्ही काय करायचं? 'आयटीआय की कॉलेज' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आयटीआय म्हणजे एक वस्तू नव्हे. राज्यात चारशेहून अधिक सरकारी संस्था आहेत, त्याशिवाय खाजगी. काही ठिकाणी मुलगा सोन्यासारखा तयार होतो, काही ठिकाणी दोन वर्षं सही करून परत येतो. फरक ओळखायला तुम्हाला इंजिनिअर असायची गरज नाही. सकाळी, प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. प्राचार्यांना भेटा आणि मुलाला घेऊन वर्कशॉपमध्ये चक्कर मारा. लेथवर झाकण घातलंय का, धूळ आहे का, की खाली ताजा कीस पडलाय? मुलांच्या हाताला तेल लागलंय का? निदेशक किती आहेत, किती पदं रिकामी आहेत, हे सरळ विचारा. वेल्डिंगला रॉड पुरतात का विचारा. आमच्याकडे सगळ्यात आधी रॉड संपतात आणि मुलं मग नुसतं बघून शिकतात. मागच्या वर्षीची मुलं अप्रेंटिसशिपला कुठे गेली याची यादी मागा. रेल्वे, महावितरण, एसटी, माझगाव डॉक, ऑर्डनन्स फॅक्टरी, चांगल्या खाजगी कंपन्या अशी नावं आली तर संस्थेची बाहेर पत आहे असं समजा. यादी दाखवायला टाळाटाळ झाली तर तुम्हीच समजून घ्या.

ट्रेडच्या बाबतीत एवढंच बघा की तुमच्या भागात कशाला काम आहे आणि मुलाचा हात कशात रमतो. इलेक्ट्रिशियनला सगळे धावतात, कारण नोकरी नाही मिळाली तरी गावात वायरिंग करता येतं. हा विचार चुकीचा नाही. फ्रिज-एसीचा ट्रेड त्याच कारणाने चांगला. मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर यांना कारखाना जवळ हवा. दहावी सुटली नसेल तरी वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड उघडे असतात. आणि दार पुढे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तिथून इंजिनिअरिंगला. हा रस्ता चालून गेलेले माझे विद्यार्थी आहेत. पण ज्यांचं गणित आणि इंग्रजी आयटीआयच्या दोन वर्षांत मागे पडलं ते डिप्लोमाच्या पहिल्याच परीक्षेत अडकले. तेव्हा 'आता काय अभ्यास नाही' असं म्हणून पुस्तकं रद्दीत घालू नका.

मुलींच्या पालकांशी दोन शब्द. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात आणि तुम्ही शिवणकाम किंवा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) यांच्यापलीकडे बघत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींचं फायलिंग मुलांपेक्षा स्वच्छ असायचं. त्यांना घाई नसते. चाकण-रांजणगावला असेंब्लीवर, तपासणीवर मुली घेतात. राहण्याची आणि रात्रीच्या बसची काळजी तुम्हाला वाटते, ती मी कमी लेखत नाही. कंपनीला त्याबद्दल तुम्ही विचारा, मुलीला घरी बसवू नका.

ज्यांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत त्यांनी एकदा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन यावं. अमेरिकेत पीएच.डी. केलेले आणि हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून आलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, अन्नप्रक्रिया असली खरीखुरी कामं करतात, शेजारच्या गावकऱ्याला लागणारी वस्तू बनवतात आणि तिची किंमत काढतात. नापास म्हणून हिणवलेली कितीतरी पोरं तिथे उभी राहिली. पण कलबागांचा आग्रह सगळ्यांसाठीच होता, हुशार मुलांसाठीसुद्धा. माझंही मत तेच. शंभरातल्या पहिल्या दहांनी हातात स्क्रू ड्रायव्हर धरला नाही तर त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्याची किंमत त्यांना कधीच कळणार नाही, आणि पगार ठरवायला उद्या तेच बसतात.

शेवटी तुम्ही दारापर्यंत जाता आणि वळून विचारता, "सर, पण लग्नाचं?" खरं सांगतो, कंत्राटी मुलाला अडचण येते. पण ती बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या बी.ए. झालेल्या मुलालाही येते. स्वतःचं वायरिंगचं किंवा फॅब्रिकेशनचं दुकान टाकलेल्या मुलाच्या दारात मध्यस्थ फेऱ्या मारताना मी पाहिले आहेत, आणि पक्क्या नोकरीतला फिटर कुणाला नको असतो? मुलीकडच्यांनाही हिशोब येतो.

राहिलं प्रवेशाचं. फॉर्म ऑनलाइन असतो, सायबर कॅफेवाला स्वतःच्या मनाने ट्रेड भरून मोकळा होतो, असं दर वर्षी घडतं. पहिल्या फेरीत तुमचा पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तो घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. तेव्हा पर्यायांचा क्रम आधी घरी कागदावर लिहा, मुलाच्या हाताने, आणि कॅफेत त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच तहसीलमधून काढून ठेवा. जूनमध्ये तिथे रांग फार असते.